तणनाशक सहन करणारे जनुकीय बियाणे : अर्ज कोणी करायचा, कागदपत्रे कोणती

कराड, कोरेगाव, वाळवा या भागांत सोयाबीन उगवून आल्यावर पाऊस लागून राहिला की वाफसा येत नाही, भांगलणीला माणूस मिळत नाही आणि तण पिकाच्या वर जाते. त्यामुळे ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारे बियाणे पेरण्यासाठी अर्ज कोठे द्यावा, असे शेतकरी विचारतात. शेतकऱ्याने करायचा असा अर्जच नाही. असे सोयाबीन भारतात लागवडीसाठी मान्य नाही, आणि ‘चोर बीटी’ म्हणून विकला जाणारा एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणारा बीटी कापूसही मान्य नाही. २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस बोंडअळीसाठी आहे, तणनाशकासाठी नव्हे.

अर्ज करते ते वाण विकसित करणारी संस्था : कंपनी, कृषी विद्यापीठ किंवा संशोधन केंद्र. पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ आणि त्याखालील १९८९ च्या नियमांनुसार प्रस्ताव प्रथम संस्थेच्या स्वतःच्या जैवसुरक्षा समितीपुढे, नंतर केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागातील आढावा समितीपुढे आणि शेवटी पर्यावरण मंत्रालयाच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीपुढे, म्हणजे ‘जीईएसी’पुढे जातो. शेतातील चाचणीसाठी राज्य शासनाचे ना-हरकत पत्रही लागते. पहिल्या टप्प्यात एका ठिकाणी जास्तीत जास्त एक एकर आणि दुसऱ्या टप्प्यात अडीच एकर एवढेच क्षेत्र घेता येते.

प्रस्तावात जनुक कोठून घेतले व ते पिकात कसे बसले याचा तपशील, विषबाधा व ॲलर्जीच्या तपासण्या, परागकण किती दूर जातात याची माहिती, चाचणीच्या जागेचा नकाशा, विलगीकरण अंतर (आसपासच्या त्याच पिकापासून राखायचे अंतर) आणि काढणीनंतर उरलेले पीक नष्ट करण्याची योजना द्यावी लागते. यातील परागकणांची माहिती मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे बांधाला बांध लागून वेगवेगळी पिके असतात.

बियाण्याला मान्यता मिळाली तरी तणनाशकाचा प्रश्न वेगळाच राहतो. ते त्या पिकावर फवारण्यासाठी कीटकनाशक कायदा, १९६८ खाली त्याची त्या पिकासाठी स्वतंत्र नोंदणी असावी लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये जीईएसीच्या शिफारशीवरून डीएमएच-११ या जनुकीय मोहरीला पर्यावरणात सोडण्याची परवानगी मिळाली. तिच्यात ग्लुफोसिनेट हे तणनाशक सहन करणारे जनुक असूनही शेतकऱ्याच्या शेतात तिच्यावर तणनाशक वापरण्यास मनाई करण्यात आली. तासगाव-मिरजेच्या बागायतदारांना या काळजीचे कारण समजावून सांगावे लागत नाही, कारण शेजारच्या उसातील २,४-डी या तणनाशकाचा फवारा वाऱ्याने आला तर द्राक्षवेलीची कोवळी पाने वाकडी होतात.

चाचणीसाठी कोणी जमीन मागितली, तर सातबारा किंवा संमतीपत्र देण्यापूर्वी जीईएसीचे परवानगीपत्र आणि राज्याचे ना-हरकत पत्र पाहावे. त्यांत पीक, गाव आणि हंगाम नमूद आहे का, हे तपासावे आणि दोन्हींच्या प्रती आपल्याकडे ठेवाव्यात. १९८९ च्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समितीची तरतूद आहे, त्यामुळे शंका असल्यास तेथे लेखी विचारणा करता येते.

नेहमीचे बियाणे घेतानाही लॉट क्रमांक लिहिलेली पक्की पावती, पिशवीवरील लेबल आणि मूठभर बियाणे काढणी होईपर्यंत जपून ठेवावे. उगवण फसली, तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार देताना यांचाच आधार असतो. चोरून विकलेल्या बियाण्याची पावती मिळत नाही, त्यामुळे ते फसल्यास विक्रेत्याविरुद्ध मांडायला शेतकऱ्याकडे एकही कागद उरत नाही.