ड्रुइडांचं झाड चुकलं

व्हिडिओ गेममध्ये ड्रुइड आला की त्याच्या मागे एक भलामोठा ओक असतोच. खोडाला हात टेकवून काहीतरी पुटपुटायचं, की आभाळ भरून येतं आणि शत्रूवर विजा कोसळायला लागतात. ड्रुइड खरोखर होऊन गेले, त्यामुळे ‘प्राचीन लोकांना झाडांचं हवामानशास्त्र ठाऊक होतं’ अशा पोस्टही अधूनमधून फिरतात. झाडं ढग घडवायला हातभार लावतात, हे खरंच आहे. पण त्यासाठी ओक? युरोपातल्या जंगलात याहून गैरसोयीचं झाड शोधूनही सापडलं नसतं.

आधी ड्रुइडांचं बघू. गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमधल्या केल्टिक लोकांचे हे पुरोहित. त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही, त्यामुळे आपली माहिती बरीचशी रोमनांकडून आलेली. पहिल्या शतकातला थोरला प्लिनी सांगतो की ओक त्यांना पवित्र, आणि ओकवर क्वचितच उगवणारं मिसलटो नावाचं बांडगूळ तर त्याहून पवित्र. चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वस्त्रांतला पुरोहित झाडावर चढतो, सोन्याच्या विळ्याने बांडगूळ कापतो आणि खाली दोन पांढऱ्या बैलांचा बळी दिला जातो. कशासाठी? वांझ जनावरं गाभण राहावीत आणि विषावर उतारा मिळावा म्हणून. पावसाचं नावही नाही. मंत्रांनी वारे आणि समुद्र खवळवण्याची ख्याती पोम्पोनियस मेला या दुसऱ्या रोमन लेखकाने नोंदवली, पण ती सेना नावाच्या बेटावरच्या नऊ पुजारणींची.

झाड आणि वादळ यांची गाठ पडते ती थेट बाराव्या शतकात, फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रिटनी प्रांतात, ब्रोसेलियांदच्या जंगलात. तिथल्या बारांतों झऱ्याकाठच्या शिळेवर पाणी शिंपडलं की पाऊस येतो, अशी समजूत होती. क्रेत्यां द त्र्वा या फ्रेंच कवीने आपल्या कथेत त्याच जंगलातल्या जादूच्या झऱ्यावर एक झाड उभं केलं. वादळ ओसरलं की त्या झाडावर इतके पक्षी येऊन बसतात की फांदीही दिसत नाही. हे झाड ओक नव्हे, पाइन. त्याच शतकातला वास नावाचा नॉर्मन कवी चमत्कार बघायला मुद्दाम त्या जंगलात गेला. काहीच दिसलं नाही. ‘मूर्ख म्हणून गेलो, मूर्ख म्हणून परतलो’ असं लिहून तो मोकळा झाला. असा प्रामाणिकपणा बेडकांची लग्नं लावून पावसाची वाट बघणाऱ्यांनी एकदा तरी दाखवावा.

तर पाइन. झाडं मुळांनी पाणी ओढून पानांवाटे हवेत सोडतात, हे बाष्पोत्सर्जन शाळेत शिकलेलंच असतं, त्यात शिरत नाही. पण नुसत्या बाष्पाने ढग होत नाही. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर थेंब जमतात, कारण तिथे जमायला पृष्ठभाग असतो. मोकळ्या, स्वच्छ हवेत बाष्पाच्या रेणूंना आपापसांत चिकटून थेंब बनवायचा झाला, तर सापेक्ष आर्द्रता काही शे टक्क्यांवर जावी लागेल. निसर्गात ती शंभराच्या वर एखादा टक्काही क्वचितच जाते. तरी ढग होतात, कारण हवेत धूळ, मीठ, धूर यांचे सूक्ष्म कण तरंगत असतात आणि पाणी त्यांच्यावर जमतं. यांना ढगबीजं म्हणू. धुळीपासून, समुद्रापासून आणि कारखान्यांपासून दूर असलेल्या जंगलावर ही बीजं कुठून येतात?

पाइनच्या वासातून. रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनचा जो वास असतो, त्यातला मुख्य रेणू म्हणजे अल्फा-पाइनीन. दहा कार्बन, सोळा हायड्रोजन. हा उडून हवेत जातो आणि तिथे त्याची गाठ ओझोनशी पडते. ओझोन त्याचा दुहेरी बंध फोडतो. उरलेल्या रेणूवर एक जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन राहतो. अशा अस्वस्थ रेणूला मूलक म्हणतात. हा मूलक हवेतला एक ऑक्सिजन रेणू पकडतो. आता खरी मजा. दुसरा कुणी हाताशी नसला, तर तो आपल्याच अंगाच्या दुसऱ्या टोकाकडून हायड्रोजन ओढून घेतो. त्यामुळे ती जागा मूलक बनते, तिथे आणखी एक ऑक्सिजन रेणू येऊन बसतो, पुन्हा आतल्या आत हायड्रोजनची ओढाताण, पुन्हा ऑक्सिजन. काही सेकंद ते मिनिटभरात, बाहेरून कुणी ढकललेलं नसताना, दहा कार्बनांच्या सांगाड्यावर सात-आठ किंवा त्याहून जास्त ऑक्सिजन अणू लटकलेले असतात. या प्रक्रियेला स्वयं-ऑक्सिडीकरण म्हणतात, आणि वातावरणात ती किती महत्त्वाची आहे हे ठसठशीतपणे समोर आलं ते अगदी २०१४च्या सुमारास! पाइनीन उडून जाणारा होता. हा नवा रेणू मात्र जड आणि चिकट, हवेत वायू म्हणून राहायला तयार नसतो. असे दोन मूलक एकमेकांना भेटले तर वीस कार्बनांची जोडगोळी तयार होते, ती आणखी चिकट. अशा काही रेणूंचा पुंजका जमला की जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरचा कण जन्माला येतो.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. फिनलंडमधल्या ह्युटिआला इथल्या पाइनच्या जंगलात १९९६पासून असे कण जन्मताना सतत मोजले जात आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ‘क्लाउड’ नावाची २६ घनमीटरची पोलादी टाकी आहे. तिच्यात अतिशुद्ध हवा भरून अल्फा-पाइनीन आणि ओझोन सोडले, तर ज्याच्याशिवाय असे कण जन्मत नाहीत असं मानलं जाई त्या गंधकाम्लाचा मागमूस नसतानाही कण तयार होतात, हे २०१६ साली दिसलं. वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होणारे आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू, असले, तर कण जन्मण्याचा वेग दहा ते शंभर पट वाढतो. आकाशगंगेतून आलेले किरण आणि पाइनचा वास मिळून ढगाची तयारी करतात, यापुढे कुठल्याही मंत्राची काय पत्रास?

आता ओककडे. ब्रिटनीच्या जंगलांतले ओक मुख्यतः सोडतात ते आयसोप्रीन. पाच कार्बन, आठ हायड्रोजन, म्हणजे बरोबर अर्धा पाइनीन. (भूमध्य समुद्राकाठचे काही ओक पाइनसारखे वागतात, पण ते इथले नव्हेत.) उन्हाच्या तडाख्यात पानाचा बचाव करायला आयसोप्रीन उपयोगी पडतं असं दिसतं. जगभरातली झाडं मिळून वर्षाला सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन हवेत सोडतात. पण पाच कार्बनांचा सांगाडा लहान पडतो, त्यापासून होणारे रेणू पुरेसे चिकट नसतात. एवढंच असतं तर ओक निरुपयोगी म्हणून सोडून दिला असता, पण तो चक्क आडवा येतो. आयसोप्रीनचे मूलक पाइनीनच्या मूलकांना मधेच गाठतात, त्यामुळे वीस कार्बनांची जोडगोळी कमी बनते आणि कणांचा जन्म मंदावतो. जर्मनीतल्या यूलिख इथे झाडांच्या कोठडीत आयसोप्रीन सोडल्यावर कण कमी झाल्याचं २००९मध्येच दिसलं होतं. आपल्याकडच्या वड-पिंपळाच्या कुळातली अनेक झाडंही आयसोप्रीनवालीच. पिंपळ रात्रंदिवस ऑक्सिजन सोडतो ही थाप पसरवणाऱ्यांनी यावर अजून काही रचलेलं नाही, हे नशीब.

पण प्रकरण इथे संपत नाही. डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आयसोप्रीनला वेगळ्या वाटेने न्याय दिला. ॲमेझॉनवर रात्रीची गडगडाटी वादळं जमिनीलगतचं आयसोप्रीन आठ ते पंधरा किलोमीटर उंचीवर उचलून नेतात. सकाळी ऊन आलं की तिथल्या कडाक्याच्या थंडीत, विजांनी तयार केलेल्या नायट्रोजन ऑक्साइडांच्या मदतीने त्याचे कण बनतात. जमिनीजवळ जो रेणू चिकटत नाही, तो उणे ३० ते उणे ५० अंशांना चिकटतो. म्हणजे आयसोप्रीनपासून बीजं हवी असतील, तर आधी वादळ लागतं. ब्रिटनीच्या रिमझिमीत ते जमणं कठीण.

पाइनची निवड केली असती, तरी पुरोहिताची पंचाईत झालीच असती. दोन नॅनोमीटरच्या कणावर पाणी जमत नाही. त्याला पन्नास-साठ नॅनोमीटरपर्यंत वाढावं लागतं. वाढीचा वेग तासाला तीन नॅनोमीटर धरला, तर वीसेक तास लागतात. तोवर वाटेत बहुतेक कण मोठ्या कणांना चिकटून संपतात. बीजं फार झाली तर तेवढंच पाणी अनेकांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात आणि ढग न बरसताच पुढे जातो. शिवाय वारा. ताशी वीस किलोमीटरच्या पश्चिमी वाऱ्यावर वीस तासांत कण चारशे किलोमीटर जातो. बारांतोंच्या झऱ्यावरच्या पाइनने आज सकाळी सोडलेल्या वासाचा ढग झालाच, तर तो उद्या पॅरिसच्या आसपास.