अर्ध्या मात्रेचा हिशेब

आधी ‘काल’ म्हणून पाहा, मग ‘काळ’. पहिल्या शब्दात जीभ वरच्या दातांच्या मुळाशी टेकते; दुसऱ्यात ती मागे वळून टाळूला घासत खाली येते. ही कसरत आपण दिवसभर बिनबोभाट करतो, पण नेमकी काय करतो ते सांगा म्हटलं तर भल्याभल्यांची बोबडी वळेल. तमिळच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या व्याकरणात, म्हणजे तोलकाप्पियममध्ये, यावर एक छोटंसं सूत्र आहे. जिभेची कड फुगून वरच्या दातांच्या बुडाला लागते. तिथे टाळूला टेकली तर ‘ल’, घासत गेली तर ‘ळ’. त्याच्या शेजारच्या सूत्रात ‘र’ आणि ‘ऴ’ आहेत, आणि तिथे दोन्ही वर्ण जिभेचं टोक वर वळून टाळूला घासल्याने होतात. हा ‘ऴ’ म्हणजे ‘तमिऴ’ या नावाच्या शेवटचा तो खास उच्चार, जो आपण ‘ळ’वर भागवून नेतो.

ग्रंथ पद्यात आहे. सुमारे 1,600 सूत्रं, तीन भाग: वर्ण, शब्द आणि काव्याचा विषय. प्रत्येक भागात नऊ प्रकरणं. कर्त्याचं नाव परंपरेने तोलकाप्पियर सांगितलं जातं, आणि त्याच्याबद्दल फारसं काही हाती लागत नाही. पनंपारनार नावाच्या कवीने लिहिलेली प्रस्तावना मात्र कामाची आहे. उत्तरेला वेंकटाचा डोंगर (आजचं तिरुपती), दक्षिणेला कुमारी, या दोहोंमधल्या तमिळ जगात लोक जे बोलतात ते आणि कवी जे रचतात ते, असा दोन्हींचा आधार घेऊन हा ग्रंथ केला, असं ती सांगते. बोलणं आणि काव्य दोन्ही तपासायचं, हा नियम आजच्या भाषाशास्त्रज्ञालाही मान्य होईल. कर्ता ‘ऐंद्र’ व्याकरणात पारंगत होता, असंही त्याच प्रस्तावनेत आहे. म्हणजे उत्तरेकडची व्याकरणविद्या त्याला परकी नव्हती.

पण ती त्याने डोळे झाकून उचलली नाही. उच्चारांच्या प्रकरणाची सुरुवात ओळखीची वाटते: बेंबीपासून वारा उठतो, छाती, कंठ आणि डोक्यात थांबतो आणि दात, ओठ, जीभ, नाक, टाळू यांच्याशी गाठ पडून वेगवेगळे वर्ण होतात. प्रकरणाच्या शेवटी मात्र तो स्वच्छ सांगतो की शरीराच्या आत वारा कसा फिरतो हा ब्राह्मणांच्या वेदाचा विषय आहे, तो मी इथे सांगत नाही. बाहेर पडून कानाला ऐकू येणारा जो ध्वनी, त्याचंच मोजमाप मी दिलं आहे. मला अख्ख्या ग्रंथात ही ओळ सर्वांत आवडते. जे तपासता येतं तेवढ्यावरच बोलायचं, बाकीचं आदराने बाजूला ठेवायचं.

आता ते मोजमाप. एक मात्रा म्हणजे डोळ्याची उघडझाप किंवा बोटांची चुटकी. ऱ्हस्व स्वराला एक मात्रा, दीर्घाला दोन, नुसत्या व्यंजनाला अर्धी. घड्याळ लावून पाहिलं तर पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग किंवा थोडा जास्त वेळ लागतो, आणि बोलण्याच्या ओघातला ऱ्हस्व स्वर साधारण त्याच घरातला असतो. अर्थात इथे खरं महत्त्व सेकंदांना नाही, प्रमाणाला आहे. आणि या हिशेबात एक बारकावा असा आहे की तो टिपणाऱ्याचा कान तयारच असला पाहिजे: शब्दाच्या शेवटी क, ट, प यांसारख्या कठोर व्यंजनानंतर येणारा ‘उ’ बहुतेक शब्दांत अर्धवट उच्चारला जातो, त्याची मात्रा अर्धीच धरायची. ‘नाडु’मधला ‘उ’ असाच आहे, ओठांचा पुरता चंबू न करता सोडून दिलेला. मराठी शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे आपण ‘तमिळनाडू’ असा दीर्घ ऊकार देतो. तोलकाप्पियरच्या तराजूत तो चौपट झाला!

वर्गीकरणाची ही हौस वर्णांपाशी थांबत नाही. शब्दांच्या भागातलं पहिलंच सूत्र नामांचे दोन वर्ग करतं: माणसं एका बाजूला, उरलेलं सगळं जग दुसऱ्या बाजूला. मराठीत टेबल नपुंसक, खुर्ची स्त्रीलिंगी, खांब पुल्लिंगी; का, ते विचारायची सोय नाही. तमिळमध्ये लिंग अर्थावर चालतं आणि ग्रंथ ते पहिल्या फटक्यात सांगतो. तिसऱ्या भागात तर सजीवांची उतरंडच आहे. गवत आणि झाडं यांना फक्त स्पर्श कळतो. गोगलगाय आणि शिंपला यांना चवही. वाळवी आणि मुंगीला वासही. खेकडा आणि भुंगा यांना दृष्टीही. पशूंना ऐकूही येतं. आणि माणसाला सहावं, मन. जैन ग्रंथांमध्ये एकेंद्रिय, द्वींद्रिय अशी जी मांडणी आहे तिचा क्रमही हाच. तेवढ्यावरून कर्त्याला जैन ठरवणारे अभ्यासक आहेत. मला ते घाईचं वाटतं, कारण हे प्रकरण मागाहून जोडलं असावं असं मानणारेही बरेच आहेत.

मग मूळ ग्रंथ कधीचा? इथे टिंब मदतीला येतं. ब्राह्मी लिपीत प्रत्येक व्यंजनात ‘अ’ मिसळलेला असतो. प्राकृताला ते चालून जातं, पण तमिळमध्ये ‘मगन्’, ‘कल्’ असे व्यंजनान्त शब्द पावलोपावली. मदुराईजवळच्या मांगुळमसारख्या गुहांमधल्या जुन्या लेखांत ही अडचण वेगवेगळ्या तऱ्हांनी सोडवलेली दिसते. कुठे नुसतं अक्षर म्हणजे निव्वळ व्यंजन, आणि ‘अ’ हवा असेल तर काना; कुठे संदर्भावरून समजून घ्या. शेवटी तोडगा निघाला तो ‘पुळ्ळी’चा: अक्षराच्या डोक्यावर टिंब दिलं की त्यातला ‘अ’ गेला. आपला पाय मोडण्याचा प्रकार, फक्त डोक्यावरून. तोलकाप्पियम म्हणतं, व्यंजनाचा स्वभावच टिंबासह उभं राहण्याचा. ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांनाही टिंबच. प्राकृतासाठी घडलेल्या लिपीत या दोन ऱ्हस्व स्वरांना अक्षरं नव्हती, हेही ध्यानात घ्यायला हवं.

तमिळ-ब्राह्मी लेखांचा आयुष्यभर पाठपुरावा करणारे इरावतम् महादेवन यांनी यावरून असा निष्कर्ष काढला की टिंब तमिळ लिपीत रुळलं ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकानंतर, म्हणून त्याचा नियम सांगणारा ग्रंथ त्याआधीचा असू शकत नाही. हा काळ सातवाहनांच्या ओळखीचा. त्यांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी भाषेतला मजकूर दिसतो. चेक तमिळ-अभ्यासक कामिल झ्वेलेबिल यांनी मात्र ग्रंथाचा गाभा ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापर्यंत मागे नेता येईल आणि शेवटचा हात पाचव्या शतकात फिरला असावा, असं मानलं. तमिळ कोशाचे संपादक वैयापुरी पिळ्ळै थेट पाचव्या शतकावर आले.

टिंबाचा पुरावा वजनदार आहे, पण जपून वापरावा लागतो. टिंब माहीत असूनही लोक ते द्यायचा कंटाळा करत. पुढच्या कित्येक शतकांच्या शिलालेखांत ते नाही. ताडपत्रावर तर लोखंडी टोकाने टिंब दिलं की पान फाटायची भीती, त्यामुळे लेखनिक ते गाळूनच टाकत. तोलकाप्पियम आपल्यापर्यंत पोचलं ते अशाच ताडपत्रांच्या नकलांमधून. जाफनाचे सी. वै. दामोदरम पिळ्ळै यांनी 1885 साली तिसरा भाग छापला, तेव्हा टिंब कुठे द्यायचं आणि ‘ए’ कुठला ऱ्हस्व, कुठला दीर्घ, हे त्यांच्यासारख्या संपादकांना ओळीओळीला अर्थ लावूनच ठरवावं लागत होतं.