विषम वर्षांचा मासा: प्युजेट साउंडमधल्या पिंक सॅमनच्या हंगामामागचा इतिहास

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंड या लांबलचक खाडीवर दर विषम वर्षी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत गळ टाकणाऱ्यांची रीघ लागते. व्हिडबी बेटाचा पश्चिम किनारा, सिएटलमधलं लिंकन पार्क, एडमंड्स ते मुकिल्टिओदरम्यानचा ‘हम्पी हॉलो’ नावाने ओळखला जाणारा पट्टा, सगळीकडे पहाटेपासून माणसं पाण्याकडे तोंड करून उभी असतात. सम वर्षी हीच ठिकाणं बरीच मोकळी असतात. २०२५ च्या हंगामासाठी राज्याच्या मत्स्यविभागाने या खाडीत ७७ लाखांहून अधिक पिंक सॅमन परततील असा अंदाज वर्तवला होता.

एक खुलासा आधीच करायला हवा. मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून विकला जाणारा रावस या कुळातला नाही. पिंक सॅमन हा उत्तर पॅसिफिकचा मासा. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो. कोकणात पहिल्या पावसाच्या पाण्याबरोबर वर निघणारे चढणीचे मासे ज्यांनी पाहिलेत, त्यांना या परतीचं दृश्य ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की पिंकची चढण शेवटची असते. अंडी घातली की तो मरतो.

त्याचं आयुष्य बरोबर दोन वर्षांचं. २०२३ च्या शरदात नदीतल्या गोट्यांखाली घातलेल्या अंड्यांतली पिल्लं २०२४ च्या वसंतात बाहेर पडली आणि लगेच समुद्राकडे निघाली. कोहो किंवा चिनूक या सॅमनच्या इतर जातींच्या पिल्लांसारखी ती महिनोन्महिने नदीत रेंगाळत नाहीत. २०२५ च्या उन्हाळ्याअखेर ती सरासरी दीड ते अडीच किलोची होऊन परतली. या चक्रात सूट नसल्यामुळे विषम आणि सम वर्षांतल्या माशांची एकमेकांशी गाठच पडत नाही. एकाच नदीतल्या दोन ओळी शरीराने सारख्या, पण वंशाने वेगळ्या राहतात. अलास्कात दोन्ही ओळी जोमदार आहेत. प्युजेट साउंड आणि शेजारच्या कॅनडातली फ्रेझर नदी इथे मात्र विषम ओळच मोठी आहे. नदीजवळ येताना नराच्या पाठीवर मोठं कुबड येतं, म्हणून गळवाले त्याला ‘हम्पी’ म्हणतात.

हंगामाचं हे वेळापत्रक निसर्गाने ठरवलं. हा मासा कुणाच्या वाट्याला येतो, किती मासे कुणी न्यायचे, आणि मुळात मासे नदीपर्यंत पोचतात की नाही, हे मात्र गेल्या दीडशे वर्षांत माणसांनी ठरवलं आहे. किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला हा भाग माहीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

इथल्या मूळ रहिवाशांची मासेमारी हजारो वर्षांची. लमी जमातीचे लोक आणि त्यांचे शेजारी दोन होड्यांच्या मधे जाळं पसरून, खडकांवरून जाणाऱ्या झुंडी वर उचलत. १८७० च्या दशकात गोऱ्या वसाहतकारांचे डबाबंद सॅमनचे कारखाने आले. त्यांना हवा होता लालभडक मांसाचा सॉकाय, सॅमनचीच दुसरी जात. पिंकचं मांस फिकट, मऊ, म्हणून भावही कमी. पण विषम वर्षी तो इतका यायचा की कारखान्यांनी त्यालाही डब्यात भरलं. वाटेत खांब रोवून उभारलेले जाळ्यांचे प्रचंड सापळे झुंडीच्या झुंडी गिळत. १९३४ मध्ये वॉशिंग्टनच्या मतदारांनी थेट मतदानाने हे सापळे बंद केले. त्या मोहिमेत हौशी गळवाले पुढे होते. सापळे गेले, तरी त्यांचा बराचसा वाटा जाळ्यांच्या बोटींकडे वळला, त्यामुळे या विजयाने मासे वाचले असं म्हणणं धाडसाचं ठरेल. हौशी मासेमार हा एक मतदार गट आहे, हे मात्र राजकारण्यांना तेव्हा कळलं.

त्याआधीच फ्रेझरमध्ये मोठा घात झाला होता. या नदीच्या अरुंद घळीत हेल्स गेट नावाची जागा आहे. तिथे सारी नदी जेमतेम ३५ मीटर रुंदीच्या फटीतून धावते. १९१३ मध्ये कॅनेडियन नॉर्दर्न रेल्वेचा मार्ग खोदताना फोडलेले दगड सरळ पात्रात लोटण्यात आले. ते वर्ष विषम होतं आणि सॉकायच्याही सर्वांत मोठ्या हंगामाचं होतं. वर जाऊ न शकलेले मासे घळीखाली मैलोन्मैल साचले आणि अंडी न घालताच मेले. फेब्रुवारी १९१४ मध्ये बोगद्याच्या कामाने कड्याचा मोठा भाग कोसळला आणि वाट आणखी बुजली. दगड काढण्याचे प्रयत्न झाले, पण प्रवाहाचा वेग पूर्वीसारखा झाला नाही.

पिंकसाठी हे जवळजवळ मृत्युदंडासारखं होतं. सॉकायच्या मानाने तो कमजोर पोहणारा. शिवाय सॉकायची सगळी पिल्लं एकाच वर्षी परतत नाहीत, काही एखादं वर्ष आगेमागे येतात, त्यामुळे एक वर्ष बुडालं तरी बी उरतं. पिंकची अख्खी पिढी एकाच वर्षी येते. ती वाटेत अडली की त्या ओळीत मागे कुणी उरत नाही. घळीच्या वरच्या उपनद्यांतले पिंक जवळपास संपले, आणि तीसेक वर्षं ही स्थिती राहिली.

फ्रेझरचे मासे समुद्रातून येताना अमेरिकेच्या हद्दीतूनही येतात, त्यामुळे भांडण दोन देशांचं होतं. १९३० मध्ये करार झाला, १९३७ मध्ये तो अमलात आला आणि संयुक्त आयोग बसला. विल्यम एफ. थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांनी हजारो माशांना खुणेच्या चकत्या लावून पाहिलं, की नदीच्या पाण्याची पातळी ठरावीक टप्प्यात असली की मासे हेल्स गेटला अडकतात. मग १९४० च्या दशकाच्या मध्यावर दोन्ही काठांवर काँक्रीटचे मत्स्यमार्ग बांधले गेले. त्यांतल्या आडव्या भिंतींनी प्रवाहाचा जोर मोडतो आणि मासा दमाने वर सरकतो. पुढच्या विषम वर्षांत पिंक घळीच्या वर पुन्हा दिसू लागले आणि फ्रेझरच्या थॉम्पसन या उपनदीपर्यंत पसरले. १९५७ मध्ये करारात पिंकचाही समावेश झाला. दुय्यम समजल्या जाणाऱ्या माशाला दोन सरकारांनी आपल्या कागदावर जागा दिली, याचं मोल मला फार वाटतं.

याच सुमारास हौशी मासेमारीचं रूपही पालटत होतं. युद्धानंतर नायलॉनची दोरी, हलक्या स्पिनिंग रीळ आणि होडीला मागे लावायची छोटी इंजिनं सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. किनाऱ्यावरून लांब फेकता येऊ लागलं. चिनूक खोल पाण्यात राहतो, त्याच्यासाठी बोट आणि जड सामान लागतं. पिंक मोठ्या झुंडींनी, पृष्ठभागाजवळून, किनाऱ्याला धरून जातो. ज्याच्याकडे बोट नाही त्याला मिळणारा सॅमन म्हणजे बहुधा हाच. ‘बझ बॉम्ब’ हे ब्रिटिश कोलंबियातून आलेलं जड, फडफडत बुडणारं आमिष किनारेवाल्यांचं आवडतं झालं. रंग गुलाबीच. पिंक समुद्रात क्रिलसारखे बारीक जीव खातो म्हणून त्याला गुलाबी रंग भुलवतो, असं गळवाले मानतात. बोटवाले पांढऱ्या चमकपट्टीमागे गुलाबी रबरी माकूल लावून अगदी सावकाश ओढतात. पकडल्या पकडल्या कल्ले कापून रक्त काढायचं आणि मासा बर्फात ठेवायचा, हा नियम जुने लोक नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगतात, कारण पिंकचं मांस फार लवकर मऊ पडतं. धुरावर भाजायला तो उत्तम. गाबोळीही वाया जाऊ देत नाहीत.

वाटणीचा खरा प्रश्न १९६० च्या दशकात पेटला. १८५४-५५ मध्ये गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी आदिवासी जमातींकडून जमिनी घेताना, नेहमीच्या जागी इतर नागरिकांच्या बरोबरीने मासेमारी करण्याचा त्यांचा हक्क करारात मान्य केला होता. पुढे राज्य त्याच हक्कासाठी त्यांना अटक करू लागलं. निस्क्वाली नदीवरचे बिली फ्रँक ज्युनियर १४ वर्षांचे असताना पहिल्यांदा पकडले गेले, आणि नंतर पन्नासहून अधिक वेळा. अखेर १२ फेब्रुवारी १९७४ रोजी टकोमाचे न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी ‘बरोबरीने’ या शब्दाचा अर्थ लावला: पकडण्याजोग्या माशांपैकी निम्मे करारबद्ध जमातींचे. उरलेले निम्मे व्यावसायिक आणि हौशी मासेमारांनी वाटून घ्यायचे. गोऱ्या मासेमारांत संताप उसळला, बोल्ट यांचे पुतळे फासावर लटकवले गेले. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल बहुतांशी कायम ठेवला. या निकालाने हौशी मासेमारांचं नुकसान झालं, असं अजूनही ऐकू येतं. मला ते पटत नाही. ज्यांच्या नद्या होत्या त्यांना निम्मा वाटा मिळाला, आणि नद्या राखण्याच्या कामात राज्याला एक जागरूक भागीदार मिळाला. आज नियम राज्य आणि जमाती मिळून ठरवतात.

पिंकने आपणहून दिलेलं आश्चर्य सिएटलच्याच नदीत घडलं. ग्रीन नदीतले पिंक विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात जवळजवळ नाहीसे झाले होते. २००० नंतर ते परतू लागले आणि पाहता पाहता त्यांची संख्या लाखांत गेली. या नदीचा खालचा भाग, डुवामिश, कारखान्यांच्या विषाने इतका माखलेला की २००१ मध्ये केंद्र सरकारने त्याला सर्वाधिक प्रदूषित स्थळांच्या यादीत घातलं. तिथे कायम राहणारे मासे, खेकडे आणि शिंपले खाऊ नका, असा आरोग्य खात्याचा इशारा आहे. सॅमन मात्र समुद्रात वाढतो आणि इथून नुसता जातो, म्हणून तो खाण्यास चालतो. विषम वर्षी पुलांवर आणि धक्क्यांवर जगभरातून आलेली स्थलांतरित कुटुंबं गळ टाकताना दिसतात, ती याच माशासाठी.

२०१५ मध्ये समुद्र विलक्षण तापला, नद्या आटल्या आणि मासे बारीक होऊन परतले. पुढचे दोन विषम हंगाम ओसरते गेले, मग पुन्हा सावरले. फ्रेझरमध्ये २०१९ च्या उन्हाळ्यात बिग बारजवळ कडा कोसळल्याचं लक्षात आलं. या वेळी हेलिकॉप्टरने आणि इतर मार्गांनी हजारो मासे अडथळ्याच्या वर नेले गेले. हेल्स गेटच्या वेळी ज्या गोष्टी उमगायला तीन दशकं लागली, त्यांवर इथे काही आठवड्यांत काम सुरू झालं.

सिएटलजवळ रेडमंड-बेलव्ह्यूमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना गळ टाकायचा असेल तर आधी परवाना काढावा लागतो. १५ वर्षांखालच्या मुलांना तो लागत नाही, पण पकडलेल्या सॅमनची नोंद करायचं कार्ड त्यांनाही लागतं. समुद्रात गळ बिनकाट्याचाच, म्हणजे टोकाशी उलटा काटा नसलेलाच, हवा. १९९९ पासून प्युजेट साउंडचा चिनूक संरक्षित यादीत आहे, म्हणून तो कुठे ठेवायचा आणि कुठे सोडायचा हे नियम पाहूनच ठरवावं. विषम वर्षी रोजच्या मर्यादेवर बऱ्याच भागांत दोन जादा पिंक ठेवता येतात. ही मर्यादा दर वर्षी एप्रिलपर्यंत राज्य आणि जमातींच्या बैठकांत नव्याने ठरते. परतणाऱ्या माशांचा अंदाज कमी असेल तर जादा पिंक मिळतीलच असं नाही.