आभाळातल्या पायऱ्या की कागदावरच्या रेघा?

संगम माहुलीला पहाटे धुकं उतरलं की कृष्णा-वेण्णेच्या पाण्यापासून वर आभाळापर्यंत करडा रंग हलकेच उजळत जातो. असा फोटो कृष्णधवल करून मोठा छापावा आणि आभाळात पट्टे दिसावेत, याची हळहळ ज्याने छापलंय त्यालाच कळेल. साताऱ्यात कुणालाही दाखवा, पहिला सल्ला ठरलेला : "बँडिंग आलंय, हेड साफ करा." मी चार वेळा हेड क्लीनिंग केलं, म्हणजे प्रिंटरचा शाई फवारणारा भाग साफ केला. महागाची शाई गेली, पट्टे तसेच. दोष प्रिंटरचा नव्हताच, फाइलचा होता. बँडिंग हे नाव एकच, पण त्यामागचे दोष दोन, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

आधी प्रिंटरचा दोष, कारण तो सोपा आहे. हेड कागदाच्या रुंदीवर ये-जा करतं. एखादं नोझल, म्हणजे शाईचं बारीक छिद्र, बुजलं की त्याच दिशेने बारीक, सरळ रेघ सुटते. कागद प्रत्येक फेरीला किंचित जास्त सरकला तर फिकट रेघा, कमी सरकला तर गडद, आणि त्या ठरावीक अंतरावर येतात. करडा रंग रंगीत शायांच्या मिश्रणातून होत असेल, तर हिरवट रेघ म्हणजे मॅजेंटा (किरमिजी शाई) अडकलाय असं समजा. नोझल चेक, म्हणजे सगळी छिद्रं चालतात का हे दाखवणारा छापील नमुना, काढा. नमुना तुटका असेल तरच हेड साफ करा. नमुना अखंड असेल तर हेड अलाइनमेंट करा (हेड सरळ जुळवून घ्या), कागदाचा प्रकार बरोबर निवडा, हाय स्पीड बंद ठेवा.

फाइलमधला दोष मात्र नीट समजून घ्यावा लागतो. त्यात रेघा नसतात, पायऱ्या असतात. त्या आभाळाच्या उजेडाप्रमाणे वळतात, सूर्याभोवती तर कड्यांसारख्या दिसतात. ८ बिटच्या जेपेगमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा फक्त २५६. रंगीत फोटोत लाल, हिरवा, निळा यांच्या पायऱ्या वेगवेगळ्या जागी पडतात, त्यामुळे त्या सहसा लपून जातात. कृष्णधवलमध्ये तिन्ही आकडे सारखेच, म्हणून पायरी एकदमच पडते.

आता धुक्यातलं आभाळ घ्या. त्यात समजा ४० छटा आहेत आणि छापल्यावर ते ८ इंच, म्हणजे सुमारे २०० मिलिमीटर उंच होणार आहे. एकेका छटेच्या वाट्याला ५ मिलिमीटरचा पट्टा आला. शेजारच्या दोन छटांमध्ये २५६ पैकी एकाच पातळीचा फरक असतो तोवर डोळा तो बहुधा पकडत नाही. पण धुकं फिकं वाटतं म्हणून आपण एडिटिंगमध्ये कर्व्ह्ज (उजेड-अंधाराची रेषा) ओढून कॉन्ट्रास्ट तिप्पट करतो. छटा ४०च राहतात, फक्त प्रत्येक उडी तीनची होते, आणि ती डोळ्यात भरते. वर नॉइज रिडक्शनने उरलासुरला दाणाही पुसला, की पायरीची कड आणखी ठळक. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो तर मोठा छापूच नये.

दोष कोणता हे ठरवायला एक चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. आभाळाचा छोटा तुकडा आहे तसा छापा. मग फाइल ९० अंशांत फिरवून, कागद पहिल्यासारखाच घालून पुन्हा छापा. पट्टे चित्राबरोबर फिरले तर दोष फाइलमध्ये. कागदाच्या रुंदीला धरूनच राहिले तर प्रिंटरमध्ये. स्क्रीनवर १०० टक्क्यांवर पाहणंही उपयोगी, पण साधा स्क्रीन स्वतःच पायऱ्या दाखवू शकतो, म्हणून निकाल कागदावरच लावावा.

पायऱ्या टाळायच्या तर फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पातळ्या असतात. सगळं एडिटिंग १६ बिटमध्ये करून ८ बिट अगदी शेवटी. जेपेग नंतर १६ बिटमध्ये नेलं तरी गेलेल्या छटा परत येत नाहीत. हाती तेवढंच असेल, तर कॉन्ट्रास्ट बेताने वाढवा आणि वर बारीक ग्रेन टाका, म्हणजे पायरीची कड विखुरते. माहुलीच्या फोटोची रॉ सुदैवाने कार्डात शिल्लक होती. त्याच प्रिंटरवर, त्याच कागदावर आभाळ सलग आलं.