घडीचा चाकू आणि कचेरीचं फाटक

कोर्टात तारखेला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल्यासाठी निघालेल्या सोलापूरकराच्या खिशात घडीचा चाकू सापडला, तर फाटकावरचा पोलीस तो उघडतो कसा हे विचारत बसत नाही. ऑनलाइन ‘असिस्टेड ओपनिंग’ चाकू मागवणाऱ्यांचा वाद मात्र नेमका तिथेच रंगतो. पातं अंगठ्याने जरा ढकललं की पुढचं काम आतली स्प्रिंग करते. मग हा खटक्याचा, म्हणजे बटन दाबताच पातं उघडणारा चाकू म्हणायचा का?

हे भांडण मूळ अमेरिकेतलं. तिथे १९५८ साली खटक्याच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर केंद्रीय कायद्याने बंदी आली. २००९ मध्ये सीमाशुल्क खात्याने असिस्टेड चाकूही त्यात ओढायचा घाट घातला. ओरड झाली आणि त्याच वर्षी संसदेने अपवाद घातला: यंत्रणेचा कल पातं मिटलेलं ठेवण्याकडे असेल आणि हाताने जोर लावून तो मोडावा लागत असेल, तर चाकू बंदीबाहेर. ही सूट व्यापारापुरती. सरकारी इमारतींसाठी १९८८ पासून वेगळं कलम आहे. अडीच इंचांहून कमी पात्याचा खिशातला चाकू त्यातल्या ‘धोकादायक शस्त्रा’त येत नाही. स्प्रिंगचं त्या व्याख्येत नावही नाही.

आपल्याकडची वाट निराळी. लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा लोकांना निःशस्त्र ठेवण्यासाठी होता. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. त्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत आहेत. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी घडवलेले वगळून. म्हणून उसाचा कोयता सुटतो. बटनाच्या चाकूचा स्वतंत्र विचार दिल्लीने केला: १९८० च्या अधिसूचनेत ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीची मर्यादा आली. ती दिल्लीपुरती, सोलापुरात तिचा दाखला देऊन उपयोग नाही.

सोलापूरकराशी खरा संबंध येतो तो मुंबई पोलीस कायदा, १९५१ चा. आता तो महाराष्ट्र पोलीस कायदा झाला आहे. त्याच्या कलम ३७(१) खाली शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी शस्त्रं, तलवारी, भाले, सोटे, चाकू, काठ्या, लाठ्या बाळगायला मनाई करू शकतात. शिवाय शारीरिक इजा करता येईल अशी ‘इतर कोणतीही वस्तू’. या शेवटच्या शब्दांपुढे असिस्टेड की खटक्याचा हा काथ्याकूट निव्वळ करमणूक ठरतो. बोटभर पातंही त्यात येतं, मग ते कचेरीत असो की नवी पेठेत.

मनाई आदेश हा शब्द या गावाला नवा नाही. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ लागला होता, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा येरवड्यात फासावर गेले. आजचा आदेश त्या जातकुळीचा नक्कीच नाही, पण तोंडी लावायचाही नाही: ३७(१) मोडल्याचं सिद्ध झालं तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. चार महिन्यांहून कमी कैद द्यायची तर न्यायाधीशांना तशी कारणं लेखी नोंदवावी लागतात.