लाखेचं पॉलिश की वार्निश? जुन्या दुकानांतलं सागवान राखताना

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतलं मिठाईचं दुकान असो की लातूरच्या गंज गोलाईजवळचं उपाहारगृह, सागवानी कपाटं आणि गल्ला ‘नवे करून घ्यायचे’ ठरले की घासायचं मशीन आधी येतं. त्याला दारातच थांबवा. लाकडावर लाखेचं पॉलिश आहे की तेलाचं वार्निश, हे आधी पाहायचं. धुरानं काळवंडल्यावर दोन्ही सारखीच दिसतात, दुरुस्ती मात्र अगदी वेगळी.

पहिल्यांदा तळणीचा चिकट थर काढा. मऊ कापड टर्पेंटाइनमध्ये भिजवून घट्ट पिळायचं आणि हलक्या हातानं पुसायचं. यात ना लाख विरघळते, ना वाळलेलं वार्निश. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून पुसलं तर मळ झटकन निघतो खरा, पण लाखही त्याच्याबरोबर निघते. आता कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा (पॉलिशवाले वापरतात ते मिथिलेटेड स्पिरिट) बोळा अर्धा मिनिट टेकवा. जागा चिकट झाली आणि बोळ्यावर तपकिरी रंग उतरला, तर लाख. काहीच हललं नाही, तर वार्निश, नाहीतर अलीकडे कुणीतरी मारलेलं मेलामाइन, म्हणजे रासायनिक राळेचं कडक पॉलिश.

लाखेचा मोठा गुण म्हणजे नवा हात, म्हणजे नवा थर, जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, सांधा दिसत नाही. म्हणून घासायची गरज फारशी पडत नाही. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण 150 ते 200 ग्रॅम चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची लाख) रात्रभर भिजवा, गाळा, कापूस सुती कापडात बांधून त्यानं पातळ हात द्या. एकाच जागी पुरचुंडी थांबली की खालचा थर ओढला जातो. चहाच्या गरम पेल्याचा पांढरा गोल स्पिरिटनं जेमतेम ओलसर केलेल्या कापडानं एकदाच झरझर पुसला की बहुतेकदा जातो. काळा डाग मात्र लाकडात मुरलेला असतो, तो पॉलिशनं जात नाही. पावसाळी दमट दिवशी हे काम काढलं तर नवा थर दुधाळ होतो; मराठवाड्यात हिवाळा सगळ्यात सोयीचा. लाखेचं मिश्रण काही महिन्यांत जुनं होतं, मग ते नीट वाळत नाही, चिकटच राहतं. लागेल तेवढंच करा. स्पिरिट उघडं असताना भट्टी बंद, आणि वास पूर्ण गेल्याशिवाय कपाटात खाण्याचं काही ठेवायचं नाही.

वार्निशचं तसं नाही. नवा थर जुन्यात मिसळत नाही, नुसता वर बसतो. म्हणून 320 नंबरच्या पॉलिश पेपरनं चकाकी उतरेल एवढंच घासून एक पातळ हात द्यायचा. ऊन-पाणी झेलणाऱ्या बाहेरच्या दारांना हेच बरं, लाख तिथं टिकत नाही. वार्निशमधल्या जवसाच्या तेलानं भिजलेली फडकी मात्र बोळा करून टाकू नका. आपोआप तापून पेट घेतात. मोकळ्यावर पसरून वाळवा.