बैलगाडीच्या रस्त्यावर लाटा का पडत नाहीत

मागच्या महिन्यात लग्नाला माझा मावसभाऊ अमेरिकेहून आला होता, आणि रात्री भरीत-भाकरी झाल्यावर अंगणात खाटेवर बसून त्याने मोबाईलवर तिकडच्या डेथ व्हॅली नावाच्या वाळवंटातल्या टायटस कॅन्यन ह्या अरुंद दरीचा जुना व्हिडिओ दाखवला. साधारण ४३ किलोमीटरचा कच्चा, एकेरी रस्ता, नेवाडा राज्याच्या बाजूने शिरायचं, रेड पास नावाची सोळाशे मीटर उंचीची खिंड चढायची, मग १९२६ मधे वसलेलं आणि लगेच ओस पडलेलं लेडफिल्ड नावाचं खाणगाव लागतं, आणि शेवटी चुनखडीच्या उभ्या भिंती इतक्या जवळ येतात की मधे जेमतेम सहा मीटर जागा उरते. बघण्यासारखंच आहे सगळं. पण सुरुवातीच्या सपाट वाळवंटात व्हिडिओ इतका थरथरत होता की काही दिसेना, त्याचा आवाज सुद्धा त-त-त-त असा येत होता. काका वाकून बघत म्हणाले, "हाऊ ते आपला शिवारना रस्ता शे!"

आणि खरंच होतं ते. शेडच्या पत्र्याला असतात तशा आडव्या लाटा, फूट-दोन फुटावर एक. शिरपूरकडून सातपुड्याच्या पायथ्याला जाणाऱ्या आमच्या मुरमाच्या रस्त्यावर उन्हाळ्यात अगदी अशाच पडतात.

ह्या लाटा का पडतात यावर गावात दोन मतं आहेत. एक म्हणजे उसाच्या आणि वाळूच्या जड गाड्यांनी रस्ता दबतो, दुसरं म्हणजे गाडीचे शॉकअप उसळतात म्हणून. दोन्ही ऐकायला पटतात, पण मूळ कारण यातलं एकही नाही.

कीथ मॅदर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने वाळूच्या गोल ट्रॅकवर एक चाक फिरवून बघितलं होतं, १९६३ मधे त्याबद्दल लिहिलं. मग २००७ मधे टॅबर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या तिघांनी तोच प्रयोग नव्याने केला, शिवाय कॉम्प्युटरवर हजारो गोल कणांवरून एक चाकती लोळवली. त्यात लाटा पडायला कण दबायची गरजच दिसली नाही, बारीक-जाड कण वेगळे व्हायची पण नाही, आणि स्प्रिंग नसली तरी लाटा येतातच. लागतं काय, तर सुटे कण आणि एका ठराविक मर्यादेच्या वरचा वेग.

होतं असं की रस्ता कितीही सपाट केला तरी कुठेतरी बोटभर उंचवटा असतोच. चाक हळू आलं तर त्या उंचवट्याला दाबतं, माती बाजूला सरकते, रस्ता उलट सपाट होतो. पण चाक जोरात आलं तर उंचवट्यावर चढून उडतं, म्हणजे दिसेल इतकं नाही पण त्याचा भार जमिनीवरून कमी होतो, आणि पुढे जाऊन ते जास्त जोरात आपटतं, तिथे खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यातला मुरूम पुढे ढकलला जाऊन दुसरा उंचवटा तयार होतो, मग त्याच्यावरून परत उडी, परत खड्डा. तलावावर चपटा दगड फेकला की टप्पे घेत जातो ना, जवळपास तसंच. मागून येणाऱ्या गाड्यांना हेच उंचवटे आयते मिळतात म्हणून लाटा वाढतच जातात, आणि गंमत म्हणजे गाड्या जातात त्या दिशेला हळूहळू सरकतात पण.

आता थोडं गणित, मला हेच सगळ्यात आवडतं. २००७ च्या त्या तिघांच्या साध्या मॉडेलमधे एक आकडा काढतात: वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण, गुणिले एक वर्गमूळ, ज्याच्या आत कणांची घनता गुणिले चाकाची रुंदी भागिले चाकावरचं वजन असतं. हा आकडा एका मर्यादेपुढे गेला की लाटा सुरू. नीट बघा, वजन वर्गमूळात आणि ते पण छेदात आहे, म्हणजे वजन सोळापट केलं तर मर्यादेचा वेग दुप्पट होतो. जड गाडीला लाटा पाडायला उलट जास्त वेग लागतो! आणि अरुंद चाकालाही जास्तच लागतो. नेहमीच्या कारसाठी हा वेग ताशी आठेक किलोमीटर निघतो.

आता बैलगाडी आठवा. जड, अरुंद धावेचं चाक, आणि चाल ताशी तीन-चार किलोमीटर. तिन्ही गोष्टी लाटांच्या विरोधात. म्हणून आमच्या आजोबांच्या वेळच्या गाडरस्त्यावर चाकोऱ्या पडायच्या, लांबच्या लांब, पण आडवी लाट कधी नाही. ती आली जीप आणि मोटरसायकली आल्यावर.

वाळवंटात हे एवढं का, तर कणांना धरून ठेवायला ओल नाही. डेथ व्हॅलीच्या तळाशी वर्षाला जेमतेम पाच सेंटिमीटर पाऊस पडतो, आपल्या धुळ्यात त्याच्या दहापट तरी पडतो. आपल्याकडे पण मार्च ते मे हाच लाटांचा सीझन, पावसाळ्यात मुरूम ओला होऊन कण चिकटले की हा प्रकार थांबतो.

रील्समधे सांगतात की साठच्या वर पळवा, मग लाटा जाणवत नाहीत. जाणवत नाहीत कारण चाक एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर जातं आणि बराच वेळ जमिनीला नीट टेकलेलंच नसतं. हवेतल्या चाकाला ब्रेक लागत नाही आणि वळताही येत नाही. आमच्या रस्त्यावर नाल्याजवळ एक वळण आहे तिथे तीन-चार गाड्या घसरल्या, आता लोक तिथे नारळ फोडतात, लिंबू टाकतात, म्हणतात बाई गाडी ओढते. मी तिथे टेपने मोजलं, सत्तर सेंटिमीटरला एक लाट, म्हणजे ताशी चाळीसने गेलात तर सेकंदाला सोळा आपटे, आणि ते नेमके वळणातच. गाडी कोणी ओढत नाही, तिची पकड सुटते. माणसं पडतात तिथे, म्हणून मला ह्या नारळाचा खरंच राग येतो.

ग्रामपंचायतीने मागच्या वर्षी त्या वळणावर ब्लेड फिरवलं होतं, महिन्याभरात लाटा परत जागेवर. ब्लेड नुसतं माथे कापून खड्डे भरतं, पण खालची कडक लाट तशीच राहते आणि वरचा सुटा मुरूम उडाला की तीच वर येते. खड्ड्याच्या तळापर्यंत खरवडायचं, पाणी मारायचं, थोडी चिकण माती मिसळून रोलर फिरवायचा, तेव्हा टिकतं. यंदा अक्षय्य तृतीयेच्या आधी आम्ही चार घरं मिळून तेवढाच शंभर फुटाचा तुकडा असा करणार आहोत, ट्रॅक्टर काकांचा आहे, पाणी आमच्या विहिरीचं.